घरात रांगणारं बाळ आणि पिसवा: पेस्ट कंट्रोलचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

मी जनरली रिव्ह्यू वगैरे लिहीत नाही, पण या पेस्ट कंट्रोलवाल्या काकांबद्दल लिहायचंच होतं, कारण पिसवा आणि लहान बाळ असं काही शोधायला गेलं की एकतर "शंभर टक्के हर्बल, नो स्मेल, बाळ घरात असलं तरी चालेल" अशा जाहिराती येतात, नाहीतर कार्पेटवाल्या घरांसाठीचे परदेशी सल्ले. आपल्याकडच्या फरशीच्या, दिवाण-गोधड्या-ड्राय बाल्कनीवाल्या फ्लॅटचं कोणी काही सांगतच नाही. आधीच सांगते, काम चांगलं आहे, काका सरळ माणूस आहे, आणि फवारणीचा पंप बाहेर काढायच्या आधी प्रश्न विचारतात. माझ्या मते पेस्ट कंट्रोलवाला निवडताना एवढंच बघावं, तो काय मारतो त्याआधी तो काय विचारतो.

तर झालं असं की बाळंतपणासाठी मी माहेरी सांगलीला होते, नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम असल्याने तोही बराच काळ तिकडेच, त्यामुळे पुण्यातला फ्लॅट बंद. मधल्या काळात ड्राय बाल्कनीच्या जाळीतून एक मांजर आत आली, जुन्या खोक्यांमागे व्याली, पिल्लं मोठी झाल्यावर घेऊन निघून गेली. शेजारच्या काकूंना माहीत होतं, पण आम्हाला सांगून काय करणार होत्या, कुलूप होतं. आम्ही ऐन पावसाळ्यात परत आलो, घर उघडलं, झाडलोट केली, आणि संध्याकाळपर्यंत तिघांच्याही पायावर लाल पुटकुळ्या. बाळ आठ महिन्यांचं, नुकतंच रांगायला लागलेलं, त्यामुळे त्याच्या पायावरच नाही तर हातावर पोटावर पण. सासूबाई म्हणाल्या डास आहेत. डास घोट्याभोवती गोल करून चावत नाहीत. मग नवरा पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून ड्राय बाल्कनीत जरा वेळ उभा राहिला, आणि मोज्यांवर काळे ठिपके टुणकन चढताना दिसले, तिथे विषय संपला.

मी फोनाफोनी केली. एका ठिकाणी (नाव नाही लिहीत) मी पिसवा म्हटलं तर समोरून "हो हो मॅडम गोचीड ना, होऊन जाईल, किती बीएचके?" म्हणजे दोन्ही वेगळे प्राणी आहेत हेही माहीत नाही. गोचीड चिकटून बसते, उडी मारत नाही. दुसरीकडे बाळ आहे म्हटल्यावर "आपलं हर्बल आहे, टेन्शन नाही, तुम्ही बेडरूममध्ये बसा आम्ही हॉल मारतो". नको बाबा.

यांना फोन केला तर काकांनी आधी विचारलं की ताई चावे गुडघ्याखाली आहेत की अंगभर, रात्री झोपेतच चावतात का (तसं असेल तर ढेकूण), घरात प्राणी आहे का, बाळ किती महिन्यांचं, रांगतं का, कुणाला दमा आहे का, फिश टँक आहे का. फिश टँकचं ऐकून मला गंमत वाटली, पण घरोघरी मारतात त्यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि ती माशांना प्रचंड विषारी असतात. मांजरांनाही यातली काही झेपत नाहीत, परमेथ्रिन तर मांजराचा जीव घेऊ शकतं. आणि ते "हर्बल"चं विचारलं तेव्हा काका हसले, म्हणाले ज्याची नक्कल करून ही औषधं बनवतात ते मूळ पायरेथ्रम शेवंतीच्या भाऊबंदातल्या फुलांपासूनच काढतात, म्हणून ते काय प्यायचं का. वास नाही म्हणजे विष नाही असंही नसतं, उलट वास नसला की आपण बेसावध.

मग जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. म्हणाले लगेच फवारून फायदा नाही, आधी तुम्ही घर स्वच्छ करा, व्हॅक्यूम करा, कपडे धुवा, मग मी येतो, आणि एका वेळेत होणार नाही, दोनदा यावं लागेल. आता कुठला धंदेवाला पहिल्याच फोनवर असं सांगतो?

का, तर पिसवांचं गणित वेगळं आहे. आपल्याला उड्या मारताना दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातला अगदी थोडा भाग, ढोबळ अंदाजाने पाच टक्के. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोश. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते, ती मांजराच्या अंगाला चिकटत नाहीत, जिथे मांजर बसेल तिथे खाली सांडतात. अळीला उजेड सोसत नाही म्हणून ती फटीत, गादीखाली, खोक्याच्या तळाशी जाते, आणि तिचं खाणं काय तर मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच. (खात्री करायची असेल तर ते काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा, तांबूस डाग पसरला की समजा पिसवाच.) मग ती कोश करते, आणि खरी गोची इथे आहे, कोशावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. कोशातली पिसू महिनोन् महिने तशीच बसून राहू शकते आणि कुणी चाललं, फरशी हादरली, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला की बाहेर येते. म्हणजे आमच्या बंद घरात या सगळ्या आमची वाट बघत होत्या, आम्ही दार उघडलं आणि पंगत बसली. पावसाळी दमट हवा तर त्यांना मानवतेच, कोरड्या हवेत अळ्या टिकत नाहीत.

त्यामुळे पहिला हप्ता आमचा गेला व्हॅक्यूममध्ये. यावर मी वेगळा रिव्ह्यू लिहू शकते इतका आता अभ्यास झालाय. फरशीच्या घरात व्हॅक्यूम कशाला असं मलाही लोक म्हणाले, पण झाडू मारला की पिसूची अंडी इकडची तिकडे उडतात, व्हॅक्यूम ओढून घेतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत २००७ साली यावर प्रयोग झालाय, व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या मोठ्या पिसवांपैकी सुमारे ९६ टक्के मेल्या आणि अळ्या-कोश तर सगळेच गेले. त्यामुळे नेटवर सांगतात तसं व्हॅक्यूमच्या पिशवीत डांबरगोळ्या टाकायची काही गरज नाही, उलट गरम हवेबरोबर तो वास घरभर. आम्ही डबा बाहेर नेऊन पिशवीत रिकामा करायचो, गाठ मारायची, कचऱ्यात. मशीन फार भारी लागत नाही, पण चपटं टोक असलेला पाइप हवाच, कारण सगळा खेळ स्कर्टिंगच्या फटी, सोफ्याच्या शिवणी, दिवाणाच्या आतले कोपरे आणि दाराची चौकट इथे आहे. आणि व्हॅक्यूमच्या थरथरीने कोशातल्या पिसवा बाहेरही येतात, त्या बाहेर आल्या की मारता येतात, म्हणून फवारणीच्या आधी करायचं आणि नंतरही चालू ठेवायचं.

कपड्यांचं म्हणाल तर दिवाणातल्या सगळ्या गोधड्या, सतरंज्या, बाळाची दुपटी, झोळीचं कापड, उशांचे अभ्रे, पडदे असं सगळं साठ डिग्रीच्या गरम पाण्यात. गोधडी मशीनमध्ये मावत नाही, ती बादलीत कडकडीत पाणी ओतून भिजवली. वाळवायचा प्रश्न होता, ऑगस्टात पुण्यात ऊन कुठे मिळतंय, पंख्याखाली दोऱ्या बांधून वाळवलं, घर म्हणजे धोबीघाट. ड्राय बाल्कनीतली खोकी तशीच मोठ्या पिशव्यांत भरून खाली, एकही उघडून बघितलं नाही. त्यात माझ्या कॉलेजच्या नोट्स होत्या, असू देत.

आता घरगुती उपाय, कारण प्रत्येकाने काही ना काही सुचवलं आणि बाळ असल्यावर यातलं बरंचसं पिसवांपेक्षा घातक आहे. डांबरगोळ्या, म्हणजे नॅफ्थॅलीन, तान्ह्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नाही. ज्या मुलांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्यात याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते, आणि आपल्या बाळात ते कमी आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं. कापूर पाळण्याला बांधायचा सल्ला तर तीन पिढ्यांकडून आला. कापराचा छोटा तुकडा जरी पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात, आणि आठ महिन्यांचं मूल हातात आलेलं काय करतं हे सांगायला नको. कडुनिंबाची धुरी सासूबाईंना द्यायचीच होती, त्यांच्या नातवंडांना सगळ्यांना ओवा-वेखंडाची दिलीये, पण कोशातल्या पिसूला धुराने काही होत नाही आणि बाळाच्या छातीला होतं. यावर घरात दोन दिवस थंड युद्ध चाललं, शेवटी डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर मिटलं. सांगलीच्या आत्याबाई म्हणाल्या गॅमेक्सीन पावडर मार, आमच्या वेळी गोठ्यात घरात सगळीकडे मारायचो. अहो ती बीएचसी नावाच्या जुन्या कीटकनाशकाची पावडर, त्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. रॉकेलने फरशी पुसणं, मुंग्यांचा खडू, बोरिक पावडर हे सगळं जमिनीवर, आणि बाळ पण जमिनीवर. मुद्दा तोच आहे, मोठ्या माणसाच्या पायाला फरशी लागते, रांगणाऱ्या बाळाचा हात फरशीला लागतो आणि तोच हात तोंडात जातो.

साधे उपाय म्हणाल तर एकच उपयोगी पडला, रात्री उथळ ताटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, शेजारी छोटा दिवा. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारतात आणि साबणाच्या पाण्यात बुडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण कुठल्या खोलीत किती आहेत हे कळतं. बाळ पाळण्यात असतानाच ठेवायची आणि सकाळी आठवणीने उचलायची.

फवारणीच्या दिवशीचं. काका स्वतः आले, बरोबर दोन पोरं. औषधाचा डबा मागितला तर लगेच दाखवला, डेल्टामेथ्रिन होतं, त्याच पायरेथ्रॉइड गटातलं. डब्यावर एक तिरका चौकोन असतो बघा, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे सुरक्षित नाही, त्यातल्या त्यात कमी. हे मला आधी माहीत नव्हतं, काकांनीच शिकवलं. तुम्हीही डबा दाखवा म्हणा, सुट्या बाटलीत आणलेलं द्रावण असेल तर सरळ परत पाठवा.

मी बाळाला घेऊन आदल्या रात्रीच नणंदेकडे गेले होते, नवरा घरी होता. पाळणा, खेळणी, बाटल्या, बाळाचं सगळं आधीच प्लॅस्टिकमध्ये बांधून बेडरूमच्या कपाटात. काकांनी सगळं घर भिजवलं नाही हे महत्त्वाचं. फक्त स्कर्टिंगच्या फटी, दिवाणाच्या आतला तळ, सोफ्याखाली, माळ्याची कड आणि ड्राय बाल्कनी. हॉलच्या मधल्या फरशीवर, जिथे बाळ रांगतं, तिथे एक थेंब नाही. पाळण्यावर, गादीवर, बाळाच्या कपड्यांवर तर नाहीच. "ताई मधे मारून उपयोग काय, अळी उजेडात येत नाही, आणि तुम्ही तो भाग रोज पुसणारच." मला हे इतकं पटलं. कारण बाकीचे सांगतात की पंधरा दिवस फरशी पुसू नका नाहीतर औषध जाईल, आता रांगणारं मूल असलेल्या घरात न पुसता कसं राहणार? यांच्या पद्धतीत मधली फरशी बिनधास्त पुसायची, कडेची एक वीत सोडायची, आणि त्या कडेला बाळ जाऊ नये म्हणून आम्ही उशा आणि सोफ्याच्या गाद्या लावून हॉलमध्ये एक रिंगण केलं.

लेबलवर पूर्ण वाळेपर्यंत लांब राहा असं असतं, काका म्हणाले बाळ आहे तर दुसऱ्या दिवशीच या, आणि खिडक्या उघड्या ठेवून पंखे फिरू द्या. आम्ही तसंच केलं. परत आल्यावर मधली फरशी दोनदा पुसली.

आणि मग, काकांनी बजावलं होतं तसंच, पिसवा दिसल्या! चार-पाच दिवसांनी मोज्यावर परत. कोशातून नव्या येत होत्या. हे आधी सांगितलं नसतं तर मी त्याच दिवशी इथे येऊन एक स्टार देऊन गेले असते. दोन-तीन आठवडे अधूनमधून दिसणारच, त्या कडेच्या औषधावरून गेल्या की मरतात, तोपर्यंत व्हॅक्यूम सोडायचा नाही. मग दुसरी व्हिजिट, तीही फक्त फटींत. त्यानंतर ताटलीत काही पडलं नाही.

बाळाच्या चाव्यांबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. डॉक्टरांनी नखं कापायला सांगितली, गार पाण्याची घडी, आणि कॅलामाइन त्यांनी सांगितल्यावरच, जखमा खाजवून चिघळू द्यायच्या नाहीत. डासांची क्रीमं, निलगिरी वगैरे पिसवांसाठी चोपडायचं नाही. ताप आला, अंगावर पुरळ पसरलं किंवा चावा सुजून गरम लागला तर लगेच दाखवा. अजून एक, बाळाने पिसू गिळली तर कुत्र्यामांजरांचा एक जंत पोटात जाऊ शकतो, शीत किंवा कण्यांसारखं काही शी मध्ये दिसलं तर तेही सांगा, त्यावर औषध आहे. नवऱ्याच्या आजी मात्र प्लेगवरच अडकल्या होत्या, पुण्याच्या घरात पिसवा म्हटलं की त्यांना १८९७ च आठवतं (त्यांनी बघितलं नाहीये, ऐकलंय, पण सांगतात असं की स्वतः होत्या). ती उंदराची पिसू, ही मांजराची. घरात उंदीर मरून पडत असतील तर मात्र खरंच महापालिकेला कळवावं.

मांजरीचं काय केलं, तर ती परत आलीच, खालच्या पार्किंगमध्ये. तिला हाकलून काही होत नाही, उद्या दुसरी येईल. जाळी बसवून घेतली, आणि सोसायटीतल्या मांजरांना खायला घालणाऱ्या मुलीने व्हेटला विचारून मानेवर टाकायचे थेंब आणले, फिप्रोनिल आणि मेथोप्रीनचे, दुसरं औषध अंड्यांमधून पुढे वाढ होऊ देत नाही. कुत्र्यांचे थेंब मांजराला टाकू नका, त्यात परमेथ्रिन असू शकतं. थेंब वाळेपर्यंत मुलांनी हात लावायचा नाही. तिची नसबंदी पण करून घेतली त्यांनी, सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून जे महाभारत झालं ते इथे नको.

आता स्टार का कापला. एक म्हणजे पावतीवर नुसतं "पेस्ट कंट्रोल" लिहिलं, औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून द्या म्हटलं तर काका म्हणाले "व्हॉट्सॲप करतो" आणि मला दोनदा आठवण करावी लागली. बाळ असलेल्या घरी ते कागदावर हवंच, काही झालं तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार. दुसरं, हाताखालच्या पोरांपैकी एक चपला घालून देवघरापर्यंत गेला, सासूबाईंनी त्यावर बोलून घेतलं. आणि त्यांनी मास्क लावले होते पण हातमोजे एकानेच, ते स्वतःच्याच पोरांसाठी तरी बघा काका.

पैसे दोन्ही व्हिजिटचे मिळून अडीच हजारांच्या आसपास, जे वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट गळ्यात मारतात त्यांच्यापेक्षा बरंच कमी, आणि यांनी कॉन्ट्रॅक्ट विचारलंही नाही. फोन स्वतः काकाच उचलतात, दुपारी एक ते चार नाही उचलत, पुणेच आहे. बुकिंग करायचं असेल तर गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत यांना वेळ नसतो, सगळ्यांना तेव्हाच झुरळं आठवतात, त्यामुळे आधी सांगून ठेवा आणि फोनवर पहिलं वाक्य बाळ किती महिन्यांचं आहे हेच बोला.